भेटायला या, पण डबा घेऊन!

मैत्रिणींनो, ‘कॅसरोल’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? माझ्या डोळ्यांपुढे येतो पोळ्यांचा डबा. बाहेरून प्लॅस्टिक, आतून स्टील आणि झाकणावर गुलाबाचं फूल. २००० साली माझं लग्न झालं तेव्हा असे चार कॅसरोल आहेरात आले होते. त्यातले दोन सासूबाईंनी पुढच्या लग्नसराईत परस्पर फिरवले, एक नणंदेकडे गेला आणि चौथा अजून ओट्यावर आहे. झाकणाची मूठ तुटलीय, पण पोळ्या गरम राहतात.

त्यामुळे धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेला गेले आणि ती तिसऱ्याच दिवशी म्हणाली, “ताई, समोरच्या बाई संध्याकाळी कॅसरोल आणून देणार आहेत,” तेव्हा मला वाटलं, ह्यांच्याकडेही पोळ्या करतात की काय!

बहीण राहते मिनेसोटा राज्यात, एका लहानशा गावात. जानेवारीत तिथे शून्याखाली वीस-वीस अंश थंडी. रस्त्यावर चिटपाखरू नाही. संध्याकाळी बेल वाजली. दारात सत्तरीच्या एक बाई, हातात जाड टॉवेलात गुंडाळलेला काचेचा लांबट ट्रे. मी आपल्या सवयीप्रमाणे “या, या” म्हणत चहाचं आधण ठेवायला वळले. तर त्या आत यायलाच तयार नाहीत. ट्रे माझ्या हातात दिला, वर चिकटवलेली चिठ्ठी बोटाने दाखवली, झोपलेल्या बाळाकडे दुरूनच बघून हसल्या आणि निघून गेल्या. पुरती दोन मिनिटंसुद्धा थांबल्या नाहीत.

खरं सांगते, मला राग आला. ही कसली बाई, घोटभर चहासुद्धा घेतला नाही! पण बहिणीने चिठ्ठी वाचून दाखवली आणि मी गप्प झाले. चिठ्ठीत लिहिलं होतं : ओव्हन ३५० डिग्रीला लावा, अर्धा तास ठेवा. यात मांस नाही. भांडं परत करण्याची घाई नको. आणि शेवटी : थांबले नाही, कारण तुम्हाला झोपेची गरज आहे.

पुढचे तीन आठवडे दर एक-दोन दिवसांनी असा एकेक ट्रे येत राहिला. कोणी दारात ठेवून फक्त बेल वाजवून जायचं. शेजारणींनी आपापसांत वार वाटून घेतले होते. मी गेले होते बहिणीला करून घालायला. पण त्या बायकांनी मला स्वयंपाकातून इतकं मोकळं केलं, की मी बाळाला मनसोक्त न्हाऊमाखू घातलं, बहिणीच्या पाठीला तेल लावलं आणि तिच्याशी बोलत बसले. बारा वर्षांनी लहान बहीण. तिच्याशी इतक्या निवांत गप्पा मी आयुष्यात पहिल्यांदा मारल्या.

आता हे कॅसरोल म्हणजे काय, ते सांगते. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ साधा : शिजवायचं पातेलं. पुढे भांड्याचं नाव पदार्थाला पडलं, आपल्याकडे हंडी म्हणजे भांडंही आणि भाजीही, तसंच. भाजी, भात किंवा शेवया, वाटल्यास चिकन, सगळं एकाच पसरट भांड्यात घालायचं, एकजीव राहण्यासाठी दाटसर सॉस ओतायचा, वर काहीतरी कुरकुरीत पसरायचं आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवायचं. त्याच भांड्यातून वाढायचं. मिनेसोटात याला ‘हॉटडिश’ म्हणतात आणि त्याचा अभिमान आपल्या पुरणपोळीच्या अभिमानाएवढा! हॉटडिशची जुन्यातली जुनी छापील कृती म्हणून १९३० साली मॅनकॅटो गावातल्या चर्चच्या महिला मंडळाने काढलेल्या पाककृतींच्या पुस्तकाकडे बोट दाखवतात. मंदीचे दिवस होते. थोडक्या मांसात घरातली सगळी तोंडं भागवायची होती. काटकसरीतून निघालेला पदार्थ, थालीपिठासारखाच.

या भांड्याचीही एक गोष्ट आहे आणि ती माझी फार आवडती झाली आहे. न्यूयॉर्क राज्यात कॉर्निंग नावाचा काचेचा कारखाना होता. तिथल्या एका शास्त्रज्ञाच्या बायकोचं, बेसी लिटलटन यांचं, मातीचं कॅसरोल ओव्हनमध्ये तडकलं. तिने नवऱ्याला सांगितलं, तुमच्या कारखान्यातली ती न तडकणारी काच आणून द्या बघू. नवऱ्याने बॅटरीच्या काचेच्या बरण्यांचे कापलेले तळ आणून दिले. १९१३ सालची गोष्ट. बेसीबाईंनी त्यात केक भाजला आणि तो छान झाला. दोनच वर्षांत, १९१५ मध्ये, ‘पायरेक्स’ची भांडी बाजारात आली. शोध कारखान्याच्या नावावर लागला, पण सुरुवात झाली ती एका बाईच्या तडकलेल्या भांड्यापासून.

पुढे टिनचं राज्य आलं. १९५५ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या प्रयोगशाळेत डॉरकास रायली या बाईंनी फरसबीचं कॅसरोल बसवलं. टिनमधलं मश्रूमचं दाट सूप, फरसबी, दूध, थोडा सोया सॉस, मिरपूड आणि वर डब्यातला तळलेला कांदा. सहा जिन्नस, मिसळा आणि भाजा. आजही तिथल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला हे घरोघरी असतं. समोरच्या आजींनी आणलं होतं ते हेच. चवीला मऊ, खारट, थोडं चिकट. मी दोन घास खाल्ले आणि मनात म्हटलं, भावना मोठी आहे, पण पदार्थाचं काही खरं नाही.

पण चार दिवसांनी पलीकडच्या घरातल्या तिशीच्या मुलीने तेच कॅसरोल आणलं आणि ते खाऊन मी बोटं चाटली. तिने एकही टिन फोडला नव्हता. मी बहिणीला मध्ये घालून कृती विचारून घेतली. पाव किलोहून थोडी जास्त ताजी फरसबी निवडून, तुकडे करून, मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायची आणि लगेच गार पाण्यात टाकायची, म्हणजे रंग हिरवागार राहतो. लोण्यावर लसूण आणि मश्रूम परतायचे, त्यांचं पाणी आटू द्यायचं. त्यावर दोन चमचे मैदा खमंग भाजायचा, दोन कप दूध थोडं थोडं घालत ढवळायचं, मीठ, मिरपूड, किंचित जायफळ. या सॉसमध्ये फरसबी मिसळून भांड्यात पसरायची. वर घरी तळलेला कुरकुरीत कांदा. हो, आपण बिर्याणीवर घालतो तोच! कडांना बुडबुडे येईपर्यंत, म्हणजे साधारण पंचवीस-तीस मिनिटं, ओव्हनमध्ये. झालं. आता तिथल्या तरुण मुली असंच करतात म्हणे : टिन बाजूला ठेवून बाजारातली ताजी भाजी, घरचा सॉस, मीठ बेताचं. आजीची पद्धत ठेवली आणि आजीचा टिन टाकून दिला.

“पण आमच्याकडे ओव्हन कुठाय?” असं तुम्ही म्हणाल. माझ्याकडेही नाही. जुन्या कुकरच्या तळाला वाटीभर मीठ पसरा, त्यावर एक ताटली, त्यावर ॲल्युमिनियमचं पसरट भांडं. झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी काढून ठेवा. मंद आचेवर चाळीस मिनिटं. (काचेचं भांडं मात्र चुकूनही गॅसच्या ज्योतीवर ठेवू नका.) आणि हे काही आपल्याला नवीन नाही हो! आपल्या आज्या खाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून काय करत होत्या? कोकणातलं काकडीचं धोंडस असंच भाजलं जायचं. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांतलं कोबीचं भानोलं म्हणजे कोबी, डाळीचं पीठ, ओलं खोबरं, आलं-मिरची कालवून खाली-वर विस्तवावर भाजलेलं कॅसरोलच की. नावाला घाबरू नका.

पण आज मला लिहायचं आहे ते कृतीबद्दल नाही. कृतीचं निमित्त झालं.

२०१९ मध्ये माझं पिशवीचं ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी घरी आले. आमचं गाव माणुसकीचं. बातमी कळताच माणसं भेटायला येऊ लागली. पहिल्या आठवड्यात आमच्या घरात नऊ नारळ, सात बिस्किटांचे पुडे, डझन-दोन डझन केळी आणि शक्तिवर्धक पावडरीचे तीन डबे जमले. आणि त्या आठवड्यात मी किती चहा केले असतील? सासूबाईंचे गुडघे गेलेले, मुलगा कॉलेजात, मुलगी दहावीच्या क्लासला, हे ऑफिसात. पाहुणे म्हणायचे, “तुम्ही उठू नका हं वहिनी.” आणि बसून राहायचे. शेवटी मीच एका हाताने टाके धरून उठायची. जाताना प्रत्येक जण सांगायचा, “जड काही उचलू नका.” संध्याकाळी कणकेचा गोळा माझीच वाट बघत असायचा.

कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मी स्वतः वीस वर्षं अशीच नारळ घेऊन दुसऱ्यांकडे जात आले होते. तासभर बसत होते. त्यांच्या हातचा चहा पीत होते.

बचत गटाच्या कामानिमित्त मी वस्तीत फिरते. तिथे गेल्या वर्षी एक मुलगी पाहिली. सिझर होऊन आठवडा झालेला, आई नाही, सासू शेतमजुरीला गेलेली, नवरा ट्रकवर. एका मांडीवर बाळ, समोर परात, भाकऱ्या थापतेय. पलीकडच्या चार घरांत त्याच वेळी चार चुली पेटलेल्या होत्या. दोन भाकऱ्या जास्त झाल्या असत्या तर कोणाचं काय गेलं असतं? पण कोणाला सुचलं नाही आणि तिने मागितलं नाही. आपल्याकडे बाई मागत नाही.

बरं, आपल्याला ही रीत माहीत नाही असंही नाही. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारपाजारचे पिठलं-भात, भाकरी घेऊन जातातच. कडू घास म्हणतो आपण त्याला. तिथे कोणी चहाची वाट बघत बसत नाही. डबे ठेवतात, वाढतात, भांडी घासतात. म्हणजे बाईच्या चुलीला सुट्टी द्यायला आपल्याला घरात मरणच व्हावं लागतं का? जन्माच्या वेळी, आजारपणाच्या वेळी, परीक्षेच्या न् बदलीच्या धांदलीत हा घास गोड म्हणून का जाऊ नये?

अमेरिकेहून परत आल्यावर मी ही गोष्ट आमच्या गल्लीतल्या भिशीत काढली. लगेच पहिला आक्षेप आला, आणि तो आमच्याच घरातून. सासूबाई म्हणाल्या, “सकाळचं संध्याकाळी म्हणजे शिळंच. ताज्या अन्नासारखं काही नाही.” त्यांचं एका परीने खरं आहे. त्यांच्या काळी फ्रिज नव्हता. उन्हाळ्यात दुपारी केलेली आमटी रात्री आंबायची. ताजं खा, हा तेव्हा शहाणपणाचा नियम होता. पण मी त्यांना विचारलं, “आई, तुम्ही स्वतः तव्यावरची गरम पोळी किती वेळा खाल्लीत?” त्या काही बोलल्या नाहीत. पोळी तव्यावरून पानात पडायची ती सासऱ्यांच्या, मग मुलांच्या. सासूबाईंच्या पानात आली ती कायम गार, शेवटची आणि बरेचदा करपलेली. माझ्याही.

ताजं म्हणजे काय, हे आपण एकदा नीट ठरवायला हवं. बाजारातून आज आणलेली फरसबी ताजी, घरी केलेला मसाला ताजा, हे मला मान्य आहे. मी टिनची आणि पाकिटांची वकिली करत नाही. पण बाई तासभर गॅससमोर उभी राहून एकेक पोळी फुगवून वाढते, हा ताजेपणा भाजीतला नाही, तिच्या पायांतला आहे. एका भांड्यात सगळं रचून मंद आचेवर ठेवलं, की तो पाऊण तास तिचा. आणि मुख्य म्हणजे भांडं मधोमध ठेवून सगळ्यांनी एकदम बसायचं. बहिणीकडे तीन आठवडे मी रोज सगळ्यांबरोबर बसून गरम गरम जेवले. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात सलग इतके दिवस पहिल्यांदाच.

दुसरा आक्षेप कोणी तोंडाने घेतला नाही, आणि तोच खरा अवघड. कोणाच्या घरचं कोणाला चालतं? त्यावर मला माझीच एक गोष्ट सांगायला हवी. लाज वाटते, पण सांगते. मुलगा झाला तेव्हा मागच्या गल्लीतल्या एक बाई माझ्यासाठी स्टीलच्या डब्यातून गूळ-खोबऱ्याची अळिवाची खीर घेऊन आल्या होत्या. त्या कोण, कुठल्या, यावरून घरात कुजबुज झाली. डबा मागच्या दाराने गाईपुढे गेला. मी खोलीतून बघत होते. मला ती खीर खावीशी वाटत होती. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन, वर चिमूटभर साखर घालून परत केला. रिकामं भांडं देऊ नये म्हणून! त्या बाईंनी विचारलं, “आवडली का?” मी म्हटलं, “हो, छान होती.”

त्या बाई अजून त्याच गल्लीत राहतात. २०२३ च्या दिवाळीनंतर आम्ही गल्लीतल्या अकरा जणींनी डब्यांची वही सुरू केली, तेव्हा मी आधी त्यांच्या घरी गेले. त्यांना ती खीर आठवतही नसेल असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे चालेल ना पण आता?” म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. मी खाली बघितलं आणि म्हटलं, “चालेल. तेव्हाही चालायला हवं होतं.” आता बाराव्या त्या आहेत.

आमच्या वहीचे नियम चारच. एक, ज्या घरी आजारपण, बाळंतपण, ऑपरेशन असेल तिथे आधी फोन करून पथ्य विचारायचं आणि वार वाटून घ्यायचे. दोन, एका भांड्यात पूर्ण जेवण : भाज्या घातलेली मुगाची खिचडी, वरणफळं, मसालेभात, नाहीतर आमचं कुकरमधलं कॅसरोल. भाजी ताजी, तिखट-मीठ बेताचं आणि उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. तीन, दारात द्यायचं, दोन मिनिटं थांबायचं, चहा घ्यायचा नाही. चार, भांड्यावर नाव घातलेलं असावं आणि परत करण्याची घाई नको. आतापर्यंत सहा घरांत डबे गेले. सगळं सुरळीत झालं असं नाही. एका घरी एकाच दिवशी तीन खिचड्या पोचल्या. एकीने “आमचं आम्ही बघू” म्हणून दार लावून घेतलं. तेही ठीक आहे. एका महिन्यात मात्र एका घरातल्या दादांनी स्वतः केलेला मसालेभात आणून दिला, बायको बाहेरगावी होती म्हणून. मीठ कमी होतं, पण त्या दिवशी वहीत आम्ही त्यांचं नाव लाल शाईने लिहिलं.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात वही नसेल, गरजही नाही. पुढच्या वेळी कोणाकडे भेटायला निघाल तेव्हा नारळाऐवजी एक झाकलेलं पातेलं घेऊन बघा. आत जाऊ नका. पाणीसुद्धा मागू नका. ती आत बोलावेल, आग्रह करेल, कदाचित मनातून माझ्यासारखी रागावेलही. रागावू दे. रात्री सगळ्यांबरोबर बसून गरम घास खाताना तिला कळेल.

आणि चहाचं म्हणाल, तर तो ती बरी झाल्यावर. तेव्हा मात्र तासभर बसा.